नोकरी शोधायच्या आधी स्वतःचं नाव शोधा

मागे एकदा नोकरी बदलायच्या खटपटीत होते तेव्हाची गोष्ट. माझी एक जुनी सहकारी, जिच्याशी वर्षातून एखाद्या वेळी बोलणं व्हायचं, ती म्हणाली आमच्याकडे जागा निघालीय, मी तुझं नाव देते. मी खूष. दुसऱ्या दिवशी तिचा फोन, आवाज जरा अवघडलेला. "अगं, तुझं नाव टाकलं की एक जुना ब्लॉग येतोय, तो तुझाच आहे का?" माझाच होता. पहिल्या नोकरीत असताना लिहिलेला, आणि त्यात तेव्हाच्या बॉसची मी यथेच्छ धुलाई केलेली, नाव न घेता, पण ज्याला कळायचं त्याला बरोब्बर कळेल अशी. मला तर त्याचा पासवर्डसुद्धा आठवत नव्हता.

तिने तरी नाव दिलं, ती भली बाई. पण त्या फोननंतर एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की रेफरल देणारा, म्हणजे कंपनीच्या आतून आपलं नाव पुढे करणारा माणूस आपल्यासाठी स्वतःची पत पणाला लावत असतो. आपलं प्रोफाइल, आपल्या जुन्या पोस्टी, आपण पाठवलेला मेसेज, हे सगळं त्याच्या हातात आपण देतो आणि ते घेऊन त्याला त्याच्या मॅनेजरसमोर उभं राहायचं असतं. तेव्हा त्याला अवघडल्यासारखं होऊ नये एवढं बघायचं. पुढचं सगळं मी याच हिशोबाने सांगतेय, लाइक कसे वाढवायचे वगैरे मला माहीत नाही आणि नोकरीला ते लागतही नाहीत.

आधी झाडलोट

इन्कॉग्निटो विंडो उघडा किंवा सरळ दुसऱ्याचा फोन घ्या, कारण आपल्या स्वतःच्या अकाउंटमधून शोधलं की गुगल आपल्या सवयीप्रमाणे रिझल्ट थोडे इकडेतिकडे करू शकतं. आता नाव टाका. देवनागरीत टाका, इंग्रजीत टाका, आणि इंग्रजीत लोक तुमच्या नावाची जी जी स्पेलिंगं करतात ती सगळी टाका. मग नाव आणि कॉलेज, नाव आणि जुनी कंपनी, नाव आणि गाव. मग फोन नंबर, ईमेल, आणि ते कॉलेजच्या काळातलं भयंकर युजरनेम जे तुम्ही पाच-सहा साइटवर वापरलं होतं. इमेजेसचा टॅब विसरू नका. पहिली दोन-तीन पानं बघा, त्याच्या पुढे सहसा कोणी जात नाही. जे जे सापडेल ते एका शीटमध्ये लिहून काढा: लिंक, माझं आहे की नाही, ठेवायचं, लपवायचं की उडवायचं.

तुमच्याच नावाचा दुसरा कोणीतरी वर येत असेल, आणि तो काही भलते उद्योग केलेला निघाला, तर मधलं नाव किंवा त्याचं आद्याक्षर लावायला सुरुवात करा आणि मग तेच नाव सगळीकडे ठेवा, रिझ्युमेवर, लिंक्डइनवर, ईमेलमध्ये. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं असं केलंत तर काही उपयोग नाही.

आता उडवायचं कसं. इथे लोक एक चूक करतात, गुगलच्या मागे लागतात. गुगल फक्त दाखवतं, मजकूर असतो दुसऱ्याच साइटवर, त्यामुळे आधी मुळावर घाव. स्वतःचं अकाउंट असेल तर जुन्या ईमेलवरून पासवर्ड रिसेट करून आत जा आणि डिलीट करा (मी तसंच केलं, त्यासाठी आधी एक मेलेला ईमेल जिवंत करावा लागला तो वेगळाच ताप). दुसऱ्याच्या साइटवर असेल तर त्यांना नीट शब्दांत मेल करा. मूळ पान गेलं तरी गुगलमध्ये दिसत राहिलं तर त्यांचं जुना मजकूर ताजा करायचं एक टूल आहे, 'रिफ्रेश आउटडेटेड कंटेंट' नावाचं, तिथे लिंक द्यायची. आणि तुमचा फोन नंबर, घरचा पत्ता असलं काही दिसत असेल तर 'रिझल्ट्स अबाउट यू' म्हणून एक सोय २०२२ पासून गुगलने आणलीय, ती तुमच्याकडे चालू असेल तर तिथून विनंती टाकता येते.

युरोपात तर २०१४ साली तिथल्या न्यायालयाने निकालच दिला, की आपल्याबद्दलची जुनी, गैरलागू झालेली माहिती शोधातून काढून टाका असं माणूस सर्च इंजिनला सांगू शकतो. मजा अशी की ज्या स्पॅनिश गृहस्थाने ही केस लढवली त्याला आपल्या जुन्या कर्जापायी निघालेल्या लिलावाची जाहिरात लोकांनी विसरावी असं वाटत होतं, आणि आता जगभरचे कायद्याचे विद्यार्थी तेच कर्ज अभ्यासाला घेतात. तेव्हा एखादी गोष्ट गुपचूप निघत असेल तर गुपचूपच काढा.

फेसबुकवर जुन्या पोस्टी एका झटक्यात फक्त मित्रांपुरत्या करायची सेटिंग आहे, 'लिमिट पास्ट पोस्ट्स', पाच मिनिटांचं काम. इन्स्टा प्रायव्हेट केलं तरी बायो आणि डीपी सगळ्यांना दिसतात, ते तपासा. पण लोकांच्या खरंच लक्षात राहत नाही ते म्हणजे दुसऱ्याच्या पब्लिक पोस्टवर आपण केलेल्या कमेंटी. स्वतःची भिंत स्वच्छ, आणि कुठल्यातरी बातमीखाली रात्री बारा वाजता आपण कोणाला तरी शिव्या घातलेल्या. लिंक्डइनवर तर प्रोफाइलमध्येच ॲक्टिव्हिटी म्हणून भाग असतो, तुम्ही काय लाइक केलंत, कुठे काय बोललात ते तिथे दिसतं. एकदा खाली स्क्रोल करून बघाच.

काय उडवायचं याबद्दल माझं मत: शिवीगाळ, कुठल्याही समाजावर, बाईवर, दिसण्यावर केलेले विनोद, जुन्या ऑफिसची उणीदुणी, कंपनीच्या आतल्या गोष्टी, हे जाऊ दे. सभ्य भाषेत मांडलेलं मत राहू दे, ते राजकीय असलं तरी. काही जण घाबरून सगळंच पुसून टाकतात, मग शोधल्यावर माणूस सापडतच नाही आणि समोरच्याला वाटतं हा आहे तरी कोण. शिवाय पुसलेलं खरंच पुसलं जातं याची खात्री नसते, कोणीतरी स्क्रीनशॉट ठेवलेला असतो, आणि वेबॅक मशीन नावाची साइट तर २००१ पासून जुनी वेबपानं जशीच्या तशी लोकांना दाखवतेय. म्हणून कोणी विचारलंच तर 'तो मी नव्हेच' करू नका. "हो, मी लिहिलं होतं, तेव्हा नवीन होते, आज तसं लिहिणार नाही", एवढं सरळ वाक्य पुरतं. मी त्या जुन्या सहकारीला हेच म्हणाले आणि तिने पुढे तेच सांगितलं.

प्रोफाइल

लिंक्डइनची हेडलाइन २२० अक्षरांची असते, पण सर्चमध्ये किंवा कमेंटच्या बाजूला त्यातला सुरुवातीचा तुकडाच दिसतो. त्या तुकड्यात लोक काय लिहितात, तर 'पॅशनेट, हार्डवर्किंग, लुकिंग फॉर ऑपॉर्च्युनिटीज'. यातून काय कळलं? काही नाही. त्यापेक्षा 'गोदाम आणि डिस्पॅच सांभाळते, एक्सेल, एसएपी, ६ वर्षं' हे कितीतरी बरं, कारण रिक्रूटर शोधताना कामाचं नाव आणि टूलचं नाव टाकून शोधतो, 'पॅशनेट' टाकून कोणी शोधत नाही. खाली अबाउटला २,६०० अक्षरं मिळतात पण तिथेही पहिल्या दोन-तीन ओळींनंतर 'सी मोअर' येतं, म्हणजे जे सांगायचंय ते वरच सांगून टाका. कोणाला तरी फोनवर सांगताय असं लिहा. आकडे खरे असतील तर घाला, रोज किती ऑर्डरी निघायच्या, टीम किती जणांची, चुका किती कमी झाल्या. फुगवू नका, इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न त्यावर येतो.

रिझ्युमेवरच्या तारखा आणि लिंक्डइनवरच्या तारखा जुळतायत का बघा. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे पण एकीकडे मार्च आणि दुसरीकडे जुलै असलं की लपवाछपवीचा वास येतो, भले तुम्ही फक्त आळस केलेला असो. फोटोत चेहरा दिसायला हवा, लग्नातला ग्रुप फोटो कापून खांद्यावर कोणाचातरी हात राहिलेला फोटो नको. आणि प्रोफाइलच्या लिंकमधला तो आकड्यांचा शेपूट काढून नुसतं नाव ठेवता येतं, तेवढं करा.

नोकरीत असताना शोधत असाल तर जरा जपून. प्रोफाइलला हात लावायच्या आधी 'बदल नेटवर्कला कळवा' वाली सेटिंग बंद करा, नाहीतर तुमची नवी चमक बॉसच्या फीडमध्ये जाऊन बसायची. 'ओपन टू वर्क' दोन तऱ्हेने लावता येतं, फोटोभोवती हिरवी पट्टी सगळ्यांना दिसणारी, किंवा फक्त रिक्रूटर लोकांना दिसणारं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या स्वतःच्या कंपनीच्या रिक्रूटरपासून ते लपवायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण गुप्ततेची खात्री नाही असं लिंक्डइन स्वतःच सांगतं, तेव्हा तुम्हीही तेवढाच भरवसा ठेवा. हाताला काम नसेल तर मात्र हिरवी पट्टी लावायला अजिबात लाजू नका. ती लावली की माणूस गरजू दिसतो असं काही जण म्हणतात, पण तुम्ही शोधताय हे ज्याला कळलंच नाही तो नाव सुचवणार तरी कसं?

आणखी एक, लिंक्डइनला ऑफिसचा ईमेल जोडलेला असेल तर आजच स्वतःचा जोडा. नोकरी गेली की तो ईमेल जातो आणि बरोबर अकाउंटची किल्ली पण.

कोडिंगवाल्यांसाठी थोडक्यात: गिटहबच्या प्रोफाइलवर ६ रिपॉझिटरी पिन करता येतात, चांगल्या तीनच असतील तर तीनच करा. जुन्या कमिटमध्ये पासवर्ड किंवा एपीआय की राहून गेलेली नाही ना तपासा, आणि सापडली तर नुसती फाइलमधून काढून भागत नाही, इतिहासात ती तशीच असते, तो पासवर्ड किंवा ती की रद्दच करायची. बाकीच्यांनी आपल्या कामाचा एखादा नमुना हाताशी ठेवावा, फक्त क्लायंटची गुपितं त्यात नकोत.

ओळखी, म्हणजे वशिला नव्हे

नेटवर्किंग म्हटलं की आपल्यातल्या अर्ध्या लोकांच्या कपाळाला आठी पडते, माझ्याही पडायची. चमचेगिरी वाटते. पण वशिला म्हणजे लायकी नसताना आत घुसवणं, आणि ओळख म्हणजे शेकडो अर्जांच्या ढिगातला तुमचा अर्ज कोणीतरी उघडून बघणं. पुढचं तुम्हालाच करायचंय, इंटरव्ह्यू तो माणूस देणार नाही तुमच्या जागी.

आणि गंमत म्हणजे कामाला येतात त्या जिवलग मित्रांच्या ओळखी नव्हेतच बहुतेक वेळा. मार्क ग्रॅनोव्हेटर म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी बॉस्टनजवळच्या एका उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ज्याच्यामुळे ही नोकरी कळली तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा. १९७३ साली त्यांनी ते छापलं. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी १६.७ टक्केच म्हणाले नेहमी भेटायचा, ५५.६ टक्के म्हणाले अधूनमधून, आणि २७.८ टक्के म्हणाले क्वचितच. कारण विचार केला तर साधं आहे, जवळच्या मित्राला तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं, त्याच ग्रुपमध्ये आपण दोघं. बातमी येते ती बाहेरच्या वर्तुळातून. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या २ कोटी लोकांवरच्या पाच वर्षांच्या प्रयोगांचा अभ्यास 'सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात आला, त्यातही साधारण हेच निघालं, फक्त एक दुरुस्ती, की अगदीच नावापुरती ओळखही फारशी उपयोगी नाही, मधली ओळख सगळ्यात कामाची. म्हणजे ज्याला तुम्ही आठवता पण रोज बोलत नाही, तो.

तर आता फोन घ्या आणि कॉन्टॅक्ट लिस्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश बघा. तुमच्या आधी कंपनी सोडून गेलेले, जुने बॉस (ज्यांच्याशी बरं होतं ते), कॉलेजचे सीनियर, क्लायंटकडचा तो शांत माणूस, सप्लायर, ट्रेनिंगला भेटलेली कोणीतरी, आणि हो, ज्यांनी इंटरव्ह्यू छान घेतला पण शेवटी दुसऱ्याला निवडलं ते सुद्धा. तीस-चाळीस नावं आरामात निघतात. त्याच शीटमध्ये दुसरा टॅब करून लिहा. सगळ्यांना एकदम मेसेज फेकायचा नाही, आठवड्याला चार-पाच, म्हणजे उत्तरं आली तर नीट बोलता येतं.

मेसेज कसा नसावा: "हाय, कसा आहेस? काही ओपनिंग असेल तर सांग, रिझ्युमे पाठवतोय." हा मेसेज वाचून समोरच्याने काय करायचं? तुम्हाला कसलं काम हवंय ते त्यानेच ओळखायचं, कुठे जागा आहे ते त्यानेच शोधायचं, कोणाला द्यायचं ते त्यानेच ठरवायचं. सगळी हमाली त्याची. म्हणून तो 'हो बघतो' म्हणतो आणि बघत नाही, आणि आपण म्हणतो लोक बदलले.

त्यापेक्षा असं काहीतरी:

"नमस्कार मॅडम, मी तुमच्या टीममध्ये २ वर्षं डिस्पॅच बघत होते, स्टॉक मोजणीच्या वेळी रात्री थांबलो होतो ते आठवत असेल. आता मी प्लॅनिंगच्या कामात जायचं बघतेय. तुम्ही सध्या त्याच कामात आहात असं दिसलं. पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का, तिथे रोजचं काम नेमकं काय असतं आणि माझ्यात काय कमी पडेल एवढंच विचारायचंय. वेळ नसेल तरी काही हरकत नाही."

बघा, यात नोकरी मागितलेलीच नाही. आपण कोण ते सांगितलं, काय हवंय ते नेमकं सांगितलं, आणि नाही म्हणायला दार उघडं ठेवलं. नोकरी मागितली की 'सध्या काही नाही' म्हणून विषय संपतो, सल्ला मागितला की माणूस बोलतो, बोलता बोलता त्यालाच आठवतं की अरे अमक्याकडे एक जण हवा होता.

फोनवर आपणच बडबड करायची नाही. विचारायचं की तिथे कसली माणसं टिकतात आणि कसली पळून जातात, जाहिरात आलेली जागा खरंच रिकामी आहे की आतलं कोणीतरी ठरलेलं आहे, माझा रिझ्युमे बघितलात तर पहिलं काय खटकतं. आणि फोन ठेवायच्या आधी, "अजून कोणाशी बोलू मी?" हा प्रश्न कधीही गाळू नका, माझ्या कामाची अर्धी माणसं मला या एका प्रश्नातून मिळालीत. वेळ पंधरा मिनिटांची मागितली असेल तर पंधराव्या मिनिटाला तुम्हीच म्हणा की वेळ संपली, ते म्हणाले बोल गं तर बोला.

आता तो म्हणाला की मी रेफर करतो. त्याच दिवशी त्याला तीन गोष्टी पाठवा. जागेची नेमकी लिंक किंवा जॉब आयडी. रिझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलच्या नावात तुमचं नाव, 'फायनल नवीन २' असलं नाही. आणि तुमच्याबद्दल चार ओळी, 'मी' असं नाही तर 'हिने' असं लिहिलेल्या, म्हणजे त्याला त्या जशाच्या तशा कॉपी करून पुढे ढकलता येतील. हे शेवटचं फार थोडे लोक करतात आणि याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण रेफरलच्या फॉर्ममध्ये 'या व्यक्तीला कसे ओळखता' हा रकाना असतो आणि तिथे येऊन भली भली माणसं अडकतात. अजून एक, रेफरल मिळेपर्यंत पोर्टलवर स्वतः अर्ज टाकायची घाई करू नका, बऱ्याच कंपन्यांत एकदा नाव सिस्टीममध्ये गेलं की मग रेफरल त्याला चिकटत नाही. आणि उगाच उपकाराखाली दबून जाऊ नका, रेफर केलेला माणूस लागला तर रेफर करणाऱ्याला कित्येक ठिकाणी बोनस मिळतो.

उत्तर आलं नाही तर? आठवड्याने एकदा आठवण, मग दोन आठवड्यांनी एकदा, मग सोडून द्यायचं. निळी टिक बघून मनातल्या मनात नाटकं रचू नका. लोकांची आजारपणं असतात, डेडलाइनी असतात. मला एकाचं उत्तर चार महिन्यांनी आलं होतं, चांगलं आलं होतं.

अनोळखी माणसांना गाठायचं तर थेट मेसेजपेक्षा आधी त्यांच्या पोस्टवर दोन-चार वेळा काहीतरी कामाचं बोला. 'खूप छान सर' हे बोलणं नव्हे, तुमचा अनुभव किंवा एखादी शंका लिहा. हल्ली एआयकडून लिहून घेतलेल्या कमेंटी चिकटवतात, सगळ्या एकाच साच्यातल्या, वाचणाऱ्याला लगेच कळतं. मोडकं लिहा पण स्वतःचं लिहा. ज्यांना चारचौघांत बोलायला जड जातं त्यांना तर हा प्रकार जास्तच सोयीचा, मीटअपमध्ये कोपऱ्यात चहाचा कप धरून उभं राहण्यापेक्षा एकेकाला शांतपणे लिहिणं बरं. आणि नुसतं घेत राहू नका, तुम्हाला न लागणारी एखादी जागा दिसली तर ज्याला लागेल त्याला पाठवा, पुढच्या वेळी बोलायला निमित्तही होतं.

या दिवसांत काय बोलू नये

नकार आला, किंवा तीन राउंड घेऊन कंपनी गप्प बसली, की पोस्ट टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. अशा पोस्टींना लाइकही भरभरून मिळतात. पण उद्या तुमचं नाव शोधणाऱ्याला सगळ्यात वर तीच दिसणार, आणि त्याला वाटणार आपल्याकडे काही बिनसलं तर आपल्याबद्दलही असंच लिहील. राग खराच असतो, तो मैत्रिणीच्या फोनवर काढा. इंटरव्ह्यू चालू असताना कुठे गेलो, काय विचारलं हेही जाहीर करू नका, ऑफर हातात पडून सही होईपर्यंत तर अजिबातच नाही.

उघड्यावर टाकलेल्या रिझ्युमेत घरचा पूर्ण पत्ता, जन्मतारीख, ओळखपत्राचे नंबर नकोत. आणि रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉप अशा कुठल्याही नावाखाली नोकरी द्यायला पैसे मागितले की तिथेच थांबायचं, रिक्रूटर कितीही गोड बोलत असू दे. कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावर ती जागा आहे का आणि मेल कंपनीच्याच डोमेनवरून आलाय का एवढं बघितलं तरी बरेचसे भामटे गळतात.

नोकरी लागली की जाहीर पोस्ट टाकायच्या आधी रेफर करणाऱ्याला फोन करा, त्याला ही बातमी फीडमध्ये कळता कामा नये. मग ज्यांनी ज्यांनी वेळ दिला त्यांना एकेक ओळ, नोकरी त्यांच्यामुळे नसेल लागली तरी. मी ब्लॉगबद्दल फोन करणाऱ्या त्या सहकारीच्या कंपनीत निवडले गेले नाही, तिला तसं मीच कळवलं आणि थँक्यू म्हटलं, आणि वर्षभराने दुसऱ्या जागेबद्दल तिनेच मला विचारलं. 'ओपन टू वर्क' बंद करा, बाकीचे चालू अर्ज मागे घ्या. शीट मात्र ठेवा, प्रत्येक नावापुढे कोणी काय मदत केली ते लिहून, कारण काही महिन्यांनी त्यातलाच कोणीतरी तुम्हाला विचारेल की तुमच्याकडे काही आहे का, आणि तेव्हा त्याचं नाव गुगलमध्ये टाकून बघायची पाळी तुमची असेल.